आईच्या हातची पिशवी

४ मेहर

मेहर महिना लागला, शरद आला की आमचे कळप डोंगरावरून उतरून दक्षिणेच्या गरम मुलखाकडे निघतात. या वर्षी जाता जाता घरच्यांनी मला शिराझला उतरवून दिलं. मग मेंढ्या पुढे गेल्या, उंट गेले, कोंबड्यांची टोपली गेली, टोपलीवर हात ठेवून माझी धाकटी बहीण तेल्ली गेली. इथे उरले मी आणि माझी पत्र्याची पेटी.

फारसीच्या बाईंनी रोज दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या आहेत. त्यांना वाटतं, आम्हा भटक्यांच्या पोरींची भाषा त्याने सुधारेल. त्या दहा ओळी मी वेगळ्या लिहिते. ‘शाळा हे आपले दुसरे घर आहे,’ असलं काहीतरी. ही वही माझी आहे आणि हिच्यात मी खरं लिहिणार आहे. खरं असं की मला इथे मुळीच आवडलेलं नाही.

वसतिगृहाच्या खोलीत आठ खाटा आहेत. आयुष्यात पहिल्यांदा छताखाली झोपते आहे. तंबू कसा वाऱ्याने फुगतो, बसतो, त्याच्याशी बोलता येतं. हे छत ढिम्म हलत नाही.

आई निघताना रडली नाही. तिला रडायचं नव्हतंच, कारण मी इथे यावं म्हणून दोन वर्षं बाबांशी तीच भांडत होती. ‘माझी पाठ गेली मागावर बसून. सनोबरची नाही जाणार,’ एवढं एकच वाक्य तिने दोन वर्षं लावून धरलं. बाबा शेवटी कंटाळून हो म्हणाले. निघताना ती मला म्हणाली, “वसंतात वर जाताना याच रस्त्याने जाऊ. घंटा ऐकू आल्या की बाहेर ये. पोटभर बघेन तुला.”

वसंत म्हणजे किती लांब, ते तिलाही माहीत आहे.

११ मेहर

माझ्या शेजारच्या खाटेवर कोकब नावाची, लुर टोळीतली मुलगी आहे. तिचं तोंड दिवसभर चालू असतं, आणि आम्ही घरी तुर्की बोलतो म्हणून मी तिच्यासाठी तुर्कीण. आज जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं तुर्किणी, तुमच्याकडे ताटं असतात, की थेट शेळीला तोंड लावता?”

मी म्हटलं, “थेट शेळीला. पण आधी तिची परवानगी घेतो. तुमच्यात ती रीत नसेल.”

सगळ्या हसल्या आणि सगळ्यात जास्त कोकबच हसली. मग तिने तिच्या ताटातला भाताचा करपलेला पापुद्रा मला दिला. इथे त्यासाठी मारामारी होते, म्हणजे मैत्री झाली म्हणायची.

९ आबान

आज शुक्रवार. शुक्रवारी मुलींना भेटायला माणसं येतात. माझं कोण येणार? आमची माणसं तीन डोंगर पलीकडे. मी आणि कोकब रस्तगारबाईंची परवानगी काढून बाजारात नजफकाकांच्या दुकानात गेलो. रस्तगारबाई म्हणजे वसतिगृहाच्या मोठ्या बाई. हसायचे पैसे पडत असल्यासारखा चेहरा. नजफकाका नमद्याच्या, म्हणजे लोकर कुटून केलेल्या जाड कापडाच्या टोप्या करतात. बाबांची दोन कानांची टोपी त्यांचीच, आजोबांचीही त्यांच्या वडिलांनी केलेली. आमच्या टोळीचं पोस्ट, सराई, निरोपाची जागा, सगळं ते दुकानच.

आणि खरंच निरोप आला होता. माझा मामेभाऊ बहादूर पिकअप घेऊन लोकर विकायला आला होता आणि आईने त्याच्याबरोबर पिशवी पाठवली होती. तळहाताएवढी, गालिच्यासारखी गाठी मारून विणलेली, लाल, मधे एक पांढरी शेळी. आत वाळवलेल्या ताकाचे गोळे आणि मूठभर रानपिस्ते.

ताक-गोळे मी कोकबला दिले. पिशवी कुणालाही दिली नाही. डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. आईच्या कामाची लव, म्हणजे गाठींची वर आलेली मऊ टोकं, उजवीकडे झुकते. डावीकडून हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखा गुळगुळीत जातो आणि उलटा फिरवला तर अडतो. प्रत्येकीच्या हाताची लव वेगळी असते, आमच्यात हे लहान पोरालाही कळतं. गाठी इतक्या घट्ट की सुई शिरणार नाही.

तेल्लीची लव बरोबर उलटी जाते, कारण ती डावरी आहे. आईने एकदा तिला सरळ करायचं म्हणून तिचा डावा हात कमरेला पट्ट्याने बांधून ठेवला होता. तेल्लीने काय करावं? पायाच्या बोटांनी दोरा ओढला. आई हसता हसता मागावरच आडवी झाली आणि पट्टा सोडला. ‘जाऊ दे, उलटी तर उलटी,’ म्हणाली.

पिशवी मी खाटेच्या दांडीला बांधली आहे. खोलीत माझं असं तेवढंच दिसतं.

१८ आझर

बहादूर येऊन गेला. या खेपेला पिशवी नाही. म्हणाला, “आत्या जरा पडून आहे. छातीत कफ झालाय.”

“आई आणि पडून? ती तर तेल्लीच्या वेळी सकाळी दूध काढून, दुपारी बाळंत होऊन, संध्याकाळी भाकरी टाकायला उठली होती.”

बहादूर हसला नाही. मी बाजारातून गावजबानची फुलं आणि खडीसाखर घेऊन त्याच्याकडे दिली. ती उकळून प्यायली की बरी होईल. मला वाटतं, तिला कफबिफ काही नसून मी नाही म्हणून करमत नसावं. तसं असेल तर मला फार बरं वाटेल. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरलं आहे.

५ दे

थंडी. नळातलं पाणी हाताला चावतं. सहामाही परीक्षा सुरू झाली. गणितात मी पहिली येणार, फारसीत शेवटून.

शुक्रवार आला की मला नको होतं. भेटायच्या खोलीत सगळ्यांच्या आया येतात, अंगावरच्या चादरीखालून डबे काढतात, पोरींचे केस सारखे करतात. मी आज मुद्दाम कपडे धुवायला बसले. धुतलेलेच पुन्हा धुतले.

२३ दे

आज विचित्र झालं. मधल्या सुट्टीत कोकब धावत आली. म्हणाली, “सनोबर, फाटकाशी तुझे बाबा उभे आहेत बहुतेक. दोन कानांची टोपी हातात धरलेला माणूस, रस्तगारबाईंशी बोलतोय.”

मी धावत सुटले. एक चप्पल वाटेतच राहिली. फाटकाशी कुणीच नव्हतं. बाई एकट्याच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कुणी नाही गं. पाण्याच्या पाइपाचं काम करणारा माणूस होता.” मग त्या वाटेत पडलेली माझी चप्पल घेऊन आल्या आणि वाकून ती माझ्या पायापाशी ठेवली. रस्तगारबाईंनी. मला इतका संकोच वाटला की आभारही मानता आले नाहीत.

बाबा असते तर मला न भेटता गेले असते का? आणि बाबा टोपी डोक्यावरून काढतात कधी?

२५ दे

कोकब म्हणते, तिची चूक झाली, तो दुसराच माणूस होता. हे बोलताना ती मोज्याचा दोरा ओढत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

४ बहमन

मी काय केलं ते मला कळत नाही. खोलीत शिरले की सगळ्या गप्प होतात. काल झाडण्याची पाळी माझी होती, जाऊन बघते तर झाडून झालेलं. कोकब आता मला तुर्कीण म्हणत नाही, शेळीवरून बोलत नाही. करपलेला पापुद्रा न मागता माझ्या ताटात येतो. मी भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, “लुरांच्या गाढवांनाही तुझ्यापेक्षा जास्त अक्कल असते.” ती म्हणाली, “असेल.” आणि मला पांघरूण दिलं.

रस्तगारबाईंनी ऑफिसात बोलावून चहा पाजला. झोप लागते का, विचारलं. मी जायला उठले तर माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला. वर्गात मुली म्हणत असणार, हिने बाईंना वश केलंय. सगळ्या माझ्याशी परक्यासारख्या गोड वागतात. त्यापेक्षा त्या हसत होत्या ते बरं होतं.

१२ बहमन

काकांच्या दुकानात गेले तर त्यांनी एक मोठी थाळी पुढे केली. केशराचा हलवा आणि वर खजूर. म्हणाले, “आमच्यातलं एक माणूस गेलं, पोरी. तुझ्या वसतिगृहात वाट. सगळ्यांना तिच्यासाठी फातिहा म्हणायला सांग.”

“कोण गेलं, काका?”

“बहीण म्हण. बहिणीसारखीच होती.”

“नाव काय तिचं?”

ते टोपीच्या साच्यावर नमदा ओढत होते. म्हणाले, “खुदाला माहीत आहे नाव.”

मी थाळी घेऊन सगळ्या खोल्यांमधून फिरले, प्रत्येकीला घास दिला आणि सांगितलं, आमच्या नजफकाकांची बहीण गेली, तिच्यासाठी म्हणा. सगळ्यांनी म्हटलं. कोकब डोळे मिटून फार वेळ म्हणत बसली आणि हलव्याला हातच लावला नाही. कोकब हलवा सोडते म्हणजे तिचं पोट नक्की बिघडलं असणार. मी मात्र फातिहा भरभर उरकली, कारण हलवा कोमट होता तोवर खायचा होता. कोकबचा वाटाही मीच खाल्ला.

२७ बहमन

शेवटी काकांच्या दुकानात पिशवी आली. बहादूर आणून देताना तोंड फिरवून उभा राहिला. दाढी वाढवलीय, अंगात काळा शर्ट. मी म्हटलं, “शहरात येऊन येऊन फॅशन करायला लागलास.” तर म्हणे, “काळा मळत नाही.”

पिशवीवरून हात फिरवला आणि हात अडला. लव डावीकडे. गाठी सैल, कड वाकडी, आणि पांढरी शेळी शेळी नसून उशी वाटत होती. तेल्लीचं काम.

इतके दिवस मी खाटेच्या दांडीशी बोलत काढले, आणि आईला माझ्यासाठी तळहाताएवढं विणायला बसवत नाही. दहा वर्षांच्या पोरीवर ढकलून दिलं. मला इथे पाठवताना कसं अडून बसायला जमलं होतं? नजरेआड झाले आणि मनातूनही गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि रागही आला. बरं झालं, मी रागच पुढे केला.

पिशवी मी बहादूरच्या हातात परत कोंबली. म्हटलं, “आईला सांग, मला तिच्या हातची हवी. बसायला वेळ नसेल तर पाठवू नको. आणि ही कुत्र्याच्या गळ्यात बांधायला सांग तेल्लीला.”

काका आतून म्हणाले, “असं नको सांगू, सनोबर.”

“सांग,” मी बहादूरला म्हटलं. “जसंच्या तसं.”

तो पिशवी खिशात ठेवून गेला.

२० इस्फंद

नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, दहा दिवस राहिले. सगळ्या पोरी पेट्या भरतायत. मी तर आठवड्यापूर्वीच भरली होती. आईसाठी काचेच्या मण्यांची माळ, तेल्लीसाठी पेन्सिली. पेन्सिली देणार नव्हते, पण शेवटी घेतल्या.

आज निरोप आला. बाबा म्हणतात, पाऊस झाला नाही, चारा नाही, तंबू रोज हलतो आहे, तू येऊ नको, काकांकडे सण कर.

चारा नाही म्हणून मुलीने घरी यायचं नाही? मी काय चारा खाणार आहे? म्हणजे माझ्या निरोपाचा राग आला आहे. आईला राग आला की ती बोलत नाही, नुसती काम करत राहते. ठीक आहे. मलाही बोलायचं नाही.

पेटी रिकामी केली नाही. तशीच भरलेली ठेवली आहे.

३ फर्वर्दीन

नवरोज काकांच्या घरी. इफ्फतकाकूंनी मला नवीन चप्पल घेतली, माझ्या ताटात सारखं वाढत होत्या, जाता येता डोक्यावरून हात फिरवत होत्या. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून असेल. पाहुणे आले की मिठाईचं तबक मी फिरवत होते. एक म्हातारी आत्या तबकातलं काही न घेता माझा हात धरून म्हणाली, “धीर धर, लेकरा. खुदा देतो तसा घेतोही.”

काकू एकदम म्हणाल्या, “आत्या, चहा घ्या, गार होतोय.”

चहा तर अजून ओतलाही नव्हता. म्हातारीला मी अनाथाश्रमातली वाटले असणार. मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, “माझी माणसं आहेत, आजी. ती वसंतात इथूनच जाणार आहेत.” काकू चहा ओतायला लागल्या. तबक घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थांबले.

आईशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण नवरोजला पहिली आठवण तिचीच झाली. शेजारच्या तंबूतला आरसाही मागून आणून, त्याच्यापुढे दिवे लावून ती तंबूभर उजेड करायची.

९ उर्दीबेहेश्त

आज वर्गात असताना घंटा ऐकू आल्या. कळपाची मोठी घंटा, मग लहान, मग कुत्री. मी बाईंना न विचारताच उठले. फाटकाबाहेर, कालव्यापलीकडच्या रस्त्यावर आमचीच टोळी चालली होती. तोच वास, तीच धूळ. मी एकेक कळप बघत राहिले. आमच्या बोकडाच्या शिंगाला निळा मणी आहे, तो शोधत होते.

आमचा कळप आलाच नाही. शेवटी शेजारच्या तंबूतली माहपारीमावशी दिसली, पिकअपच्या मागच्या बाजूला गाठोड्यांवर बसलेली. मी ओरडले. गाडी थांबली, पण ती उतरली नाही. वरूनच वाकून माझं डोकं छातीशी धरलं. सोडेचना.

“आई कुठे आहे?”

“तुझ्या बाबांनी या वर्षी कळप ट्रकमध्ये घातला. दुसऱ्या रस्त्याने गेले. घाई होती.”

“मला न भेटता?”

“परीक्षा दे चांगली,” ती म्हणाली. “तुझ्या आईची एवढीच इच्छा आहे. एवढीच होती.” आणि तिने कमरेतून एक पिशवी काढून दिली. गाडी निघाली.

मी रस्त्यातच पिशवीवरून हात फिरवला. डावीकडून उजवीकडे गुळगुळीत. उलटा फिरवला तर अडतो. गाठी घट्ट, कड सुतासारखी सरळ, पांढरी शेळी चार पायांची. आईचा हात. रुसवा गेला.

म्हणजे ती बसली माझ्यासाठी. ट्रकच्या घाईतही बसली. मी मातीत उभी राहून हसतही होते आणि रडतही. वर्गात परत आले तर फारसीच्या बाई रागावल्या नाहीत. पिशवी कोकबला दाखवली. म्हटलं, “बघ, आईचा राग गेला.” कोकब पिशवी हातात घेऊन एकदम बाहेर निघून गेली. नंतर तोंड धुऊन आली. तिची आई लांब असते, तिला हेवा वाटला असणार. मी पिशवी दांडीला पहिलीच्या शेजारी बांधली.

२२ खोर्दाद

परीक्षा संपली. पाठ नसलेलंही लिहिलं. फारसीच्या निबंधाला विषय होता, ‘माझे आवडते माणूस’. सहामाहीत मी फारसीत शेवटून दुसरी आले होते, आता बघू म्हणावं.

बाबा परवा न्यायला येणार. मण्यांची माळ पेटीत सगळ्यात वर ठेवली आहे.

२४ खोर्दाद

बाबा आले. नवा पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या, दाढी ताजी केलेली, हनुवटीला कापलेलं. ते बारीक झालेत. रस्तगारबाई फाटकापर्यंत आल्या आणि चक्क माझ्या गालाचा मुका घेतला. कोकब मिठी मारून म्हणाली, “तुर्किणी, मेहरमध्ये आली नाहीस तर तुझ्या सगळ्या शेळ्या खाऊन टाकीन.” तिचा जुना आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं.

बसमध्ये मीच बोलत होते. बाबांनी तीनदा विचारलं, परीक्षा कशी गेली. तीनदा सांगितलं. रात्रीचा मुक्काम समीरमच्या सराईत. उद्या गाढवावर सामान टाकून वर चढायचं. ही ओळ लिहून झाली की बाबांना विचारणार आहे, आई माझ्यावर रागावली होती का ते.

विचारलं. म्हणाले, “नाही, बाळा. रागावली नव्हती.” मग बाहेर जाऊन गाढवाचा पट्टा आवळत बसले. तो आवळलेलाच होता.

१ तीर

इतके दिवस लिहवलं नाही.

आई नाही. दे महिन्यातच गेली. कफ छातीत उतरला, खिंडीत बर्फ पडून गाड्या बंद होत्या, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. माझी गावजबानची फुलं तिने प्यायली होती म्हणे. शेवटी सगळ्यांकडून शपथ घेतली, सनोबरची परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये. आमच्यात लांब असलेल्याला वाईट बातमी सांगत नाहीत. मलाच माहीत होतं की. आजोबा गेले तेव्हा बाबांचे भाऊ कुवेतला होते, त्यांना वर्षभर कळू दिलं नव्हतं, आणि मीच त्यांना लिहिलेल्या पत्रात ‘आजोबा मजेत’ असं लिहिलं होतं. आपल्यावर ती वेळ येईल असं कुठे वाटतं.

बाबा दे महिन्यात सांगायला आलेच होते. फाटकापर्यंत आले, टोपी हातात धरून उभे राहिले, आणि माझ्या चपलेचा आवाज ऐकून पळाले. असं त्यांनीच सांगितलं.

मला कुणी सांगायची गरजच पडली नाही. चढ संपला आणि तंबू दिसला. माग जमिनीला ठोकलेला होता आणि मागावर आईच्या जागी तेल्ली बसली होती. आईचा घागरा कमरेला दोनदा दुमडून नेसलेला. डोक्याला काळा रुमाल. ती उठली, अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. कुत्रा मात्र धावत माझ्या अंगावर आला. त्याच्या गळ्यात एक सैल गाठींची, वाकड्या कडेची पिशवी होती. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही.

कबर दक्षिणेला आहे, हिवाळी मुक्कामावर. कळप खाली उतरेपर्यंत तिथे जाता येणार नाही. मण्यांची माळ पेटीतच आहे.

हलवा मीच वाटला होता. एवढं लिहिते आणि थांबते.

५ तीर

टोळीतल्या बायका बाबांच्या मागे लागल्या होत्या, मोठीला आणा, भाकरी कोण भाजणार, मागावर कोण बसणार. बाबा म्हणाले, तिची आई सांगून गेलीय. मग भाकरी तेल्लीने भाजली. टोळीबरोबर फिरणाऱ्या पांढऱ्या तंबूतली शाळा सोडून ती घरी बसली. पिशवीही तिनेच विणायला घेतली, कारण पिशवी आली नाही तर मला संशय आला असता. आता बाबांची विधवा बहीण आमच्या तंबूत राहायला येणार आहे. मेहरमध्ये मी शिराझला जायचं आणि तेल्लीने शाळेत, हे बाबांनी काल सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मी आल्यापासून तेल्ली माझ्याशी बोलतच नव्हती. आज लोकर विंचरताना हळूच म्हणाली, “ती दुसरी. ती नीट झाली होती का गं?”

मी विंचरायचं थांबवलं.

“पहिली तुला आवडली नाही,” ती म्हणाली. “बहादूरने सांगितलं. म्हणून मी डावा हात कमरेला बांधला आणि उजव्याने शिकले. आईची जुनी पिशवी समोर ठेवून. तीनदा उसवली. लव बरोबर गेली होती ना?”

मी तिचा उजवा हात बघितला. बोटांच्या पेरांवर गाठीचा दोरा कापायच्या सुरीचे वण, काही जुने, काही ताजे. दहा वर्षांच्या पोरीचा हात म्हातारीसारखा झाला आहे. मी सांगितलं, “इतकी बरोबर गेली होती की मी फसले. मला वाटलं, आईच.” तिचा चेहरा उजळला. कामाला चांगलं म्हणणारं माणूस गेल्यापासून तिला हे कुणी म्हटलं नसणार.

मग ती मागाकडे वळली. सवयीने उजवा हात पुढे केला. मी तिच्या शेजारी बसले, तो हात धरून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचा डावा हात ताण्यावर ठेवला.

“मेहरमध्ये मला पिशवी पाठवशील ना? ती याच हाताने विण.”

“लव उलटी जाईल.”

“जाऊ दे.”